सगळ्यांचं झाल्यावर

आई, तुझी भाकरीची दुरडी मी बारामतीला कामावर नेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? आणि असतीस तरी "मोडून आणशील" एवढंच म्हणाली असतीस.

इथल्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे. इंदापूरकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या, त्यांना काही आठवत नाही. दिवसभर शांत, पण संध्याकाळी ताट समोर आलं की उठून स्वयंपाकघराकडे निघायच्या आणि हात धरला की ढकलायच्या. त्यात एकदा कामावरची मावशी पडली. मग डोकं शांत ठेवायची गोळी सुरू झाली. ढकलणं गेलं, आणि त्याबरोबर बोलणंचालणंही. मान खाली, तोंडातून लाळ. भिगवणहून त्यांची लेक दर रविवारी येते. एकदा जाताना ती मला म्हणाली, "सिस्टर, भांडली तरी चालंल, पण माझ्याकडं बघाया पायजे."

तेव्हा मला तू आठवलीस. मळ्यातल्या घरी तू चुलीपुढं बसली आहेस, दादा जेवतायत, गडी जेवतायत, आणि मी मोठ्या हौसेनं तुझं ताट वाढून आणते. तू उलथनं उगारतेस. "समद्यांचं झाल्याबिगर म्या जेवू? अक्कल हाय का तुला?" मला केवढा राग आला होता. आणि इथं आम्ही आजींना रोज सगळ्यांच्या आधी जेवायला बसवत होतो.

मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करू. पण पुन्हा कुणी पडलं तर होती तशी सुरू करावी लागेल. लग्नात मला मिक्सर हवा होता आणि तू ही दुरडी दिली होतीस, तीच दुरडी भाकरींनी भरून आजींच्या हातात दिली. सुरुवातीला त्या नुसत्या धरून उभ्या राहायच्या. गोळी अर्धी झाली तशा टेबलांमधून फिरायला लागल्या, नको म्हणणाऱ्याला दटावून वाढायला लागल्या. सगळ्यांचं झालं की आपणहून बसतात. एखाद्या दिवशी वाटी भिरकावतात, नाही असं नाही, पण कुणी पडलेलं नाही. गोळी आता बंद आहे. गेल्या रविवारी लेकीकडे बघून म्हणाल्या, "येवढा उशीर व्हय गं? बस, जेव आदी." ती बिचारी रडत रडत जेवली.

काल त्यांनी मलाही दंडाला धरून बसवलं. कामावर असताना तिथलं जेवायचं नाही असा आम्हाला नियम आहे. तरी बसले. हे पत्र काही कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माझा डबा खाऊन झाला होता, भूक अजिबात नव्हती. पण वाढणारा हात पुढच्या टेबलाकडे जाऊ नये, म्हणून मी अजून अर्धी भाकरी मागून घेतली.