ओली पोती

हुबळी, मंगळवार. एप्रिलअखेर, २००३

उणकलच्या मजूरवस्तीत पत्र्यांखाली ऊन अडवणारं छत घालायला निधी द्यायचा का, हे ठरवायला आज समिती आली. वस्तीत काम करतो म्हणून मीच त्यांना गंगूअक्कांकडे नेलं. सगळ्यांत तापणारी खोली त्यांचीच. आत पाऊल टाकलं तर गारवा! साहेब लोक घरी येणार म्हणून अक्कांनी सकाळपासून पत्र्यावर ओली पोती अंथरली होती. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि साठवलेलं सगळं त्या पोत्यांवर ओतलेलं.

गूळपाणी घेत समितीचे मुख्य साहेब म्हणाले, "इथं तर छान वाटतंय."

पोती ओली आहेत म्हणून, असं मी तिथंच सांगितलं. ते हसले. "मग यांना उपाय सापडलाय की! निधी कशाला?"

चीड आली. पण कुणावर काढू? ती पोती काही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

संध्याकाळी दोन घागरी पाणी घेऊन गेलो. पोती वाळून कडक झालेली, खोली भट्टीसारखी. निधी मिळणार नाही हे सांगायला तोंड उघडलं, तोच अक्कांनी विचारलं, "सर, साहेबास्नी उकडलं नाही न्हवं?"

"अजिबात नाही, अक्का," म्हणालो.

खरंच होतं ते.