तिसरा नमुना

३ मार्च, आळंद

लागली एकदाची नोकरी! एम.एस्सी. झाल्यापासून कॉलेजांच्या मुलाखती देऊन देऊन चपला झिजल्या, आणि आता मी, मंठाळची विजयश्री, एका संशोधन-पत्रिकेची सहायक संपादक झालेय. पत्रिका भौतिक रसायनशास्त्राची, इंग्रजी, वर्षातून चारदा निघणारी. ऑफिस मात्र आळंदच्या बाजारात, तुरीच्या अडत दुकानाच्या वर. जिन्यावर पाय ठेवला की शिंका सुरू. खाली पोती, वर रेणू-अणू. पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना.

पत्रिका राजशेखर सर चालवतात. निवृत्त प्राध्यापक, आवाज बारीक आणि शिस्त दांडगी. आमच्याशिवाय ऑफिसात फक्त शिवय्या अण्णा. ते किल्ल्या सांभाळतात, चहा करतात आणि सरांनी जेवायला उशीर केला की त्यांना कन्नडमध्ये रागे भरतात. सर मुकाट ऐकून घेतात.

भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्यात. सोबत माझी थोरली बहीण, रेणुका अक्का आहे. आई गेली तेव्हा मी लहान होते. दाजी वारल्यावर अक्का माहेरी परत आली आणि तिनंच मला वाढवलं, शिकवलं, वेळेला बदडलंही. तिला गावात एकटी ठेवून मी आलेच नसते. अंगानं चांगली भरलेली आहे, हसली की मांडणीवरची भांडी वाजतात. आल्या आल्या धपाटे केले आणि शेजारच्या चार घरी वाटून गल्ली जिंकून घेतली.

७ मार्च

काम कळायला लागलं. कुठून कुठून लेख येतात आणि पहिली चाळणी मी. आकडे बरोबर आहेत का, एककं लिहिलीत का, आलेखाच्या रेषा खऱ्या की हातानं ओढलेल्या. मग लेखकाचं नाव झाकून लेख परीक्षकाकडं जातो. सोपा असेल तर परीक्षक मीच. सरांचा नियम असा की लेखक कोण हे परीक्षकाला कळता कामा नये, आणि परीक्षक कोण हे लेखकाला.

एका महाशयांनी सेल्सियस आणि केल्विनची अशी खिचडी केली होती की त्यांचं पाणी उणे पावणेदोनशेला उकळायलं होतं. मी शेरा मारला की असं पाणी आम्हालाही पाठवा, इथं उन्हाळा फार आहे. सरांनी तो खोडला, पण मिशीत हसले.

१२ मार्च

आज एक देखणा लेख आला. विषय, बंद जागेत सच्छिद्र पदार्थ कसा सुकतो. म्हणजे एक पदार्थ ठेवायचा आणि त्यातलं पाणी जाईल तसं त्याचं वजन करत राहायचं. आलेख इतका सुबक की भिंतीवर लावावा. वजन आधी भराभर उतरतं, मग सावकाश, मग रेष सपाट होते आणि संपतं.

खोड एकच. पदार्थ कोणता ते कुठंच लिहिलेलं नाही. नुसतं 'नमुना'. वजन माणसाएवढं आणि सुरुवातीचं तापमान सदतीस अंश. सदतीसच कामून, तेही दिलेलं नाही. शिवाय प्रयोग एकदाच केलेला. आमच्याकडं तीनदा केल्याशिवाय काही छापत नाहीत. मी ऐटीत लिहिलं, 'एका नमुन्यावर विश्वास कसा ठेवावा? आणखी दोन नमुन्यांवर हाच प्रयोग करून दाखवा.' सर म्हणाले, आता तू खरी परीक्षक झालीस. घरी येऊन अक्काला सांगितलं तर तिनं माझी दृष्ट काढली.

२० मार्च

त्या लेखकाचं उत्तर आलं. असा नम्र माणूस मी बघितला नाही. बाकीचे लेखक शेरा वाचून अंगावर येतात. हा लिहितो, आदरणीय परीक्षकांची सूचना रास्त आहे, दुसरा नमुना घेतला आहे, काम सुरू झालं आहे.

ऊन वाढलंय. शिवय्या अण्णा सारखे माठाशी. मी चिडवलं की अण्णा, आमच्यासाठी घोटभर तरी ठेवा. ते हसले आणि पुन्हा तांब्या बुडवला.

३१ मार्च

काल युगादी झाली. अण्णांच्या घरी बेवु-बेल्ल द्यायला बोलावलं होतं, कडुनिंब आणि गूळ. अण्णांकडं बघून मी दचकलेच. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला होता. साखर तपासली, काही नाही. किडनी तपासली, काही नाही. डॉक्टर म्हणाले पाणी प्या. आणखी किती पिणार? त्यांची बायको यल्लम्मा सांगत होती की घागर रिकामी करतात, लघवी नाही, घाम नाही. पाणी जातं कुठं, कुणाला कळेना.

५ एप्रिल

शिवय्या अण्णा गेले.

बसवून नेलं, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं. खांदा देणारे एकमेकांकडं बघत होते. नंतर एक जण म्हणाला की वजन असं लागलंच नाही. सर रस्त्याच्या कडेला उभं राहून लहान पोरासारखे रडले. ऑफिसात चहा कुणी केला नाही. माझा जीव होता त्या माणसावर, हे आज कळलं.

७ एप्रिल

दार लावून घेतलंय आणि लिहिते.

दुरुस्त केलेला लेख आला. त्यात दुसऱ्या नमुन्याचा आलेख आहे. सुरुवात वीस मार्चच्या आसपास. शेवट पाच एप्रिल. खाली बारीक अक्षरात टीप आहे, 'नमुन्याच्या गळ्यातली चांदीची डबी काढता आली नाही. तिचं वजन वजा केलं आहे.'

अण्णांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. ती ते कधीच काढत नसत.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा. मग शेवटचा परिच्छेद. 'पडताळणी सोयीची व्हावी म्हणून तिसरा नमुना आदरणीय परीक्षकांच्याच घरातला निवडला आहे. काम आज सकाळी सुरू झालं.'

भर दुपारी बाजारातून पळत घरी आले. अक्का माठाशी उभी होती. तांब्या तोंडाला. मला बघून ओठ पुसत म्हणाली,

"आज काय झालंय की बाई, तहानच जाईना गेलीय."

८ एप्रिल

सरांना सगळं दाखवलं. आधी म्हणाले, कुणाचा तरी हलकट चावटपणा आहे. मग टीप वाचली आणि खुर्चीत बसले. स्वतःचा नियम मोडून त्यांनी लेखकाच्या नावाची नोंद उघडली. नाव नाही. संस्था नाही. पत्ता नाही. लेख आला कसा हेच त्यांना सांगता येईना.

आम्ही पत्रिकेच्या संकेतस्थळावर त्या लेखापुढं नकार नोंदवला. कारण न देता, साफ. पाठोपाठ उत्तर आलं. 'निर्णय मान्य आहे. मात्र आपल्याच सूचनेवरून सुरू केलेला प्रयोग अर्धवट सोडणं शास्त्राला धरून होणार नाही.'

१० एप्रिल

मग स्वीकारला. लिहिलं की लेख उत्तम आहे, जसाच्या तसा छापतो, दोन नमुने पुरेत, तिसरा नको. हात जोडून लिहायचं तेवढं लिहिलं.

उत्तर: 'आपल्या पत्रिकेचा नियम तीनचा आहे. आमच्यासाठी आपण तो शिथिल करावा, असं आम्हाला वाटत नाही.'

सर म्हणाले, एकदा गेलेला शेरा मागं घेता येत नाही. आणि मग स्वतःच तोंड झाकून घेतलं. हाही नियम त्यांचाच.

अक्काच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत जायल्यात.

१३ एप्रिल, कलबुर्गी

दवाखान्यात भरती केलंय. दोन्ही हातांना सलाइन. बाटल्यांवर बाटल्या. डॉक्टर चांगले आहेत, धावपळ करायलेत, पण कागद बघतात आणि पुन्हा तपासायला पाठवतात. अक्का त्यांना चिडवते की इतकं पाणी माझ्या शेतात सोडलं असतं तर ऊस आला असता. हसताना ओठ फुटून रक्त आलं. थेंबभरच.

मोबाइलवर नवा आलेख. रेषेत एक छोटा उंचवटा. खाली टीप: 'या टप्प्यावर नमुन्यात बाहेरून द्रव घालण्यात आला. त्याचं वजन वजा केलं आहे.'

मी फोन भिंतीवर आपटला. नर्सबाई धावत आल्या. काय सांगू त्यांना?

१७ एप्रिल, मंठाळ

गावी आणलं. वाटलं, जागा बदलली तर त्याला सापडणार नाही. चुलतभाऊ ग्यानबाअण्णानं जीप केली. अक्काला त्यानं एकट्यानं उचलून आत नेलं आणि मग मागच्या दारी जाऊन किती तरी वेळ बसला. त्याला मी सगळं सांगितलंय. त्याला लेख न् परीक्षक काही कळत नाही, पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

दुपारी त्याच्या फोनवर आलं. ग्यानबाअण्णाच्या फोनवर. 'नमुना हलवण्यात आला. हवेतल्या फरकाची दुरुस्ती केली आहे. निष्कर्षावर परिणाम नाही.'

जे करावं ते तळटीप होतं. मी काय करू? कुणी तरी सांगा मला, काय करू?

२० एप्रिल

अक्काला सांगून टाकलं. माझा शेरा, शिवय्या अण्णा, सगळं. वाटलं शिव्या घालेल. तिनं सगळं ऐकलं. आवाज आता पाचोळ्यासारखा झालाय, कान जवळ न्यावा लागतो.

"विजू, पाणी पोटात जायलंय की त्याच्याकडं जायलंय गं?"

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजन नव्हतं.

सरांचा फोन बंद आहे. ऑफिसला कुलूप, असं अडत्यानं सांगितलं.

२२ एप्रिल

लिहिलं की तिला सोड, मला घे. तिसरा नमुना मी.

'आदरणीय परीक्षकांच्या भावनेबद्दल आभार. नमुना मध्येच बदलता येत नाही.'

२५ एप्रिल

रेष सपाट झाली. तिसऱ्या आलेखात. पहिल्या दोघांची सपाट झाली तेव्हा ते—

अक्का आहे. श्वास आहे. सकाळी डॉक्टर येऊन गेले, नाडी सापडेना, म्हणाले संध्याकाळ निघणार नाही. संध्याकाळ झाली. आहे.

२६ एप्रिल

आहे. डोळे मिटत नाहीत. पापण्या कोरड्या पडून तशाच राहिल्यात. ओठांवर ओला बोळा ठेवते, लगेच वाळतो. रडायलीय, पण पाणी नाही. नुसता चेहरा—

का ठेवलंय तिला असं? रेष तर संपली ना?

२७ एप्रिल

कळलं.

'तिन्ही नमुन्यांची वजनं आम्हीच घेतली तर निष्कर्ष पक्षपाती ठरेल. तिसऱ्या नमुन्याचं अखेरचं वजन आदरणीय परीक्षकांनी स्वतः घेऊन नोंदवावं, ही विनंती. त्याशिवाय प्रयोग पूर्ण होणार नाही. तोवर नमुना आहे त्या स्थितीत राखला जाईल.'

आलेखाखाली एक चौकट. रिकामी.

२८ एप्रिल

नाही लिहिणार. नाही. ती जिवंत आहे तोवर—

२९ एप्रिल

ग्यानबाअण्णा म्हणाला, हे जिवंत असणं आहे का? मी त्याच्या अंगावर धावून गेले.

रात्रंदिवस तोच एक आवाज. घशातून. वाळल्या तुरीच्या शेंगांसारखा.

३० एप्रिल

चौकटीत खोटा आकडा टाकला. परत आला. 'कृपया प्रत्यक्ष वजन घ्यावं.'

सगळं बघतो तो. सगळं—

१ मे

सकाळी अक्कानं बोट हलवलं. जवळ गेले. कान तिच्या ओठांना लावला. चरचरीत ओठ.

"लिही की गं आता. कामून थांबलीस?"

मी न्हाई म्हणाले. तिनं पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा. मी पाया पडले तिच्या, अक्का मला हे सांगू नकोस— ती बघतच राहिली. ज्या बाईनं मला घास भरवला तिला मी—

ग्यानबाअण्णा तूर तोलायचा काटा घेऊन आला. तिला त्यावर बसवलं. एका हातानं. आता तोंड फिरवून भिंतीकडं उभा आहे.

काट्यावरचा आकडा थांबलाय. चौकट उघडली आहे. एका हातात ग्यानबाअण्णाचा फोन, दुसऱ्यानं इथं लिहायलेय. इथं आधी लिहिते, तिथं मग. तेवढाच वेळ—

अक्का माझ्याकडं बघायलीय. मान हलवली तिनं. व्हय म्हणाली.

नमुना तिसरा. न्हाई. रेणुका. माझी अक्का रेणुका. अखेरचं वजन, बावीस किलो, सहाशे—