कोरं सोडायचं नाही

७ मार्च १९८७, पोन्से

गुण कापणं बंद! किलेस सरांनी शिकवणीत सांगितलं आणि मी बाकावरून उठलेच. औषधविक्रीच्या परवान्याची परीक्षा दोनदा हुकली ती या कापाकापीनं. तीन उत्तरं चुकली की बरोबर आलेलं एक खलास! म्हणून खात्री नसली की आम्ही सगळ्याजणी उत्तरपत्रिकेतला गोल कोरा सोडायचो. आता चुकलं तरी काही जात नाही. सर गरजले, "कोरं सोडाल तर माझ्या वर्गात पाय ठेवू नका!"

परवाना या खेपेला हवाच. मी काम करते त्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, दोन्या एल्बांनी, बजावलंय — "सोराइदा, तू गुणी आहेस गं, पण बिनपरवान्याची बाई मला यापुढे ठेवता यायची नाही."

१९ मार्च

घरी सराव पेपर. हात अजून थबकतो. मिग्दालियाताई मागून डोकावली, "अगं भर की! तुझ्या बापाचं काय जातंय?" बाप तर दोघींचा एकच!

४ एप्रिल

झाली परीक्षा! शेवटचं पान वाचायला वेळच उरला नाही. सरसकट तिसरा गोल काळा केला. देवळातली फुलं चोरल्यासारखं वाटलं, मग बाहेर येऊन एकटीच हसत सुटले.

९ मे

पास! पास! पास! काठावर, पण पास. सरांनी जुन्या पद्धतीनं हिशेब मांडला — सपशेल नापास होते! मी म्हटलं, देवाची कृपा. "देवाची कसली, नियमाची!" म्हणाले. ताई गॅलरीत नाचली, खालच्या मजल्यावरची मंडळी वर आली, तुरीच्या दाण्यांचा भात पातेलंभर केला होता तो पुरला नाही. मला रडूच आलं. नोकरी राहिली!

१८ मे

पांढरा कोट, खिशावर नाव. आणि हात कसा चालतो हल्ली! डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की पूर्वी दर चिठ्ठीला दवाखान्यात फोन करायचे, गिऱ्हाईक ताटकळायचं. आता एकदा बघते, ठरवते, गोळ्या मोजून बाटलीत भरून देते. दोन्या एल्बा म्हणाल्या, "परवाना काय मिळाला, बाईला पंख फुटले!"

२ जून

कोपऱ्यावरच्या दोन्या इलुमिनादांना रुग्णालयात नेलंय. शुद्ध नाही. त्यांचा मुलगा बाटली घेऊन दुकानात आला — "डॉक्टर म्हणतात, हे औषध आईचं नव्हेच." बाटलीवर माझी सही आहे. चिठ्ठीवरचं नाव मला लागलं नव्हतं. मी फोन केला नाही.