कबरीवर मेणबत्ती लावण्याची कृती

प्रिय बाबा, तुमच्या इंगविल्डकडून पुष्कळ प्रेम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

आज पहिलीच्या मुलांना कृती लिहायला शिकवली. म्हटलं, "वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय ना, तशा प्रीतीने त्याला समजावून सांगा."

वर्गातल्या तोरुन नावाच्या मुलीची आई उन्हाळ्यात वारली. तोरुनने लिहिलं, "कबरीवरचा बर्फ झाडा. हाताचा आडोसा करून मेणबत्ती लावा. आज काय खाल्लं ते आईला सांगा."

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी रडायचं नाही, बाई. पप्पा बघत असतात."

मला पुढे शिकवताच आलं नाही.

बाबा, नाताळला आपण दोघं आईच्या कबरीवर जाऊ. माझ्यादेखत रडलात तरी चालेल.

तुमचीच,
इंगविल्ड