थोरलीची जागा

४ फेब्रुवारी, रविवार

आज पाळक म्हणाले, "तुझ्या जागी कुणीतरी मेलं आहे." सगळं चर्च मान डोलावत होतं. मी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून बसले. ख्रिस्ताबद्दल बोलत होते ते, मला काय ठाऊक नाही? पुढं म्हणाले, जगात तू एकटीच असतीस तरी तुझ्या एकटीसाठी तो आला असता. तो तुला नावानं ओळखतो. एवढी त्याची प्रीती!

कुठल्या नावानं? — हे विचारायला हवं होतं. बाहेर आल्यावर "छान झाला संदेश" म्हटलं आणि घरी आले.

५ फेब्रुवारी

लॅबमध्ये अठ्ठावीस जणांचं रक्त घेतलं. प्रत्येकाला दोनदा नाव विचारलं, मगच नळीवर चिठ्ठी लावली. एक आजोबा वैतागले — "आत्ताच तर सांगितलं की हो बाई!" म्हटलं, तेवढ्यात बदललं असलं तर? आजोबांना हसू आलं. शेजारच्या टेबलावर सगळं भराभर उरकणारी, मी जिला मनात घाईताई म्हणते ती म्हणाली, "तुमचं म्हणजे ताकही फुंकून प्यायचं काम!" बरोबर आहे. तोंड पोळलंय ते तिला कुठं माहीत.

७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. बावन्न वर्षांत कागदावरसुद्धा आणलं नाही.

आम्ही जुळ्या. ती दहा मिनिटांनी मोठी म्हणून थोरली, मी धाकटी. शाळेच्या पटावर वेगळी नावं होती, पण घरात याच हाका. सातव्या वर्षी दोघींना ताप आला. हॉस्पिटलात शेजारीशेजारी खाटा. नर्सला आम्ही ओळखू येईना, म्हणून आईनं मनगटांना दोरे बांधले — तिला लाल, मला पांढरा. थोरलीचा ताप वाईट होता. तिला रोज संध्याकाळी इंजेक्शन, मला नुसत्या गोळ्या.

आठव्या दिवशी ती रडकुंडीला आली. "धाकटे, आजच्या दिवस तू थोरली हो ना गं!" आई औषधं आणायला खाली गेली होती. आम्ही दोरे बदलले, खाटा बदलल्या. सुई मी घेतली. ओरडलेही नाही. केवढी फुशारकी वाटली होती मला!

सकाळी ती उठली नाही. सगळे म्हणाले, धाकटी गेली. मला कुणीतरी कडेवर घेतलं — "थोरले, रडू नकोस." आईनंही तीच हाक मारली. मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तर तिचं औषध मी घेतलं हे कळलं असतं.

तिच्या थडग्याच्या दगडावर माझं नाव आहे. तिच्या नावानं मी शिकले, नोकरीला लागले, प्रभुभोजन घेते.

१० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, आईचे आता फार दिवस नाहीत. आई ब्याऐंशीची. दिवसभर डोळे मिटून असते. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. जाताना म्हणाले, "तिकडे धाकटी लेक वाटच बघत असेल."

धाकटी नाही ना बघत! आई जाईल, हात पसरून धाकटीला हाक मारेल, आणि समोर थोरली उभी! सगळं तिथंच कळेल तिला. मी नसेनच तेव्हा पाय धरायला. त्याआधी सांगितलंच पाहिजे.

११ फेब्रुवारी

सांगणार होते. नुसते पाय चेपत बसले.

१३ फेब्रुवारी

केस विंचरताना आरशातून थोरली बघते. तीही एकोणसाठ वर्षांची झालीय, कानांवरचे केस पिकलेत. रागावलेली नसते. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

प्रार्थनेला बसले. "प्रभू, मी —" म्हटलं आणि पुढं कोण, ते सांगता येईना. म्हणतात, देवाला सगळं माहीत असतं. मग त्याची प्रीती माझ्यावर की तिच्यावर? शेजारणीचं पार्सल आपण सही करून घ्यावं, तसं मी जन्मभर ते घेत आलेय असं वाटतं. आणि माहीत असूनही माझ्यावरच असेल — तर मला त्याची भीतीच वाटते.

१५ फेब्रुवारी

सांगितलं! दुपारी, पलंगाच्या कडेला बसून, एका दमात. दोरे, खाटा, सुई — काही सोडलं नाही. म्हटलं, "आई, तिचं औषध मी घेतलं. मी थोरली नाही."

तिनं डोळे उघडले नाहीत. नुसतं "पाणी" म्हणाली. चमच्यानं पाजलं. ऐकलं की नाही, देव जाणे.

रडायला आलं ते बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ फेब्रुवारी

सकाळी कूस बदलून देताना आई बोलली. आवाज अगदी बारीक, पण शब्द स्वच्छ.

"दुसऱ्या दिवशी मी तुझी सुईची जागा शेकत होते ना, तेव्हाच कळलं. थोरलीला आठवडाभर टोचत होते. तुझ्या अंगावर सुईची एकच गाठ होती."

"मग बोलली का नाहीस गं कधी?"

"मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून, धाकटे."