खालच्या फळीवरचे डबे

बाबा,

योगशिबिराला निघाले. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. शुक्रवारी दुपारी येते.

चहा-साखरेचे डबे खालच्या फळीवर ठेवलेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुमचा हात वर जावा म्हणून मीच ते वर चढवले होते. “पोचतो की हात, मास्तरीणबाई,” म्हणत होतात, आणि काल स्टुलावर तुमच्या चपलेचा ठसा दिसला. पडला असतात तर? स्टूल शेजारच्या काकूंकडे दिलंय, मागायला जाऊ नका.

हात कुठवर जातो ते मोजायला भिंतीवर केलेल्या पेन्सिलच्या खुणाही पुसल्या. चार महिन्यांत त्या बोटभरही सरकल्या नव्हत्या. मला दिसत होतं.

योगाच्या वर्गात परक्या माणसांना मी रोज सांगते, जमेल तेवढंच करा. तुम्हाला एकदाही म्हटलं नाही.