'टेरिबली' लिहायचं की नाही

३ जानेवारी, शुक्रवार
मालन कणकवलीला भावाकडे गेली त्याला आज दोन महिने झाले. पंधरा दिवसांसाठी गेली होती. भांडण अजिबात नाही. जाताना एवढंच म्हणाली की तीस वर्षांत तुम्ही एक शब्द प्रेमाने बोलला नाहीत. मी 'बरं' म्हटलं. हवापालट चांगला असतो.
घर फार शांत आहे. कांजूरमार्गात एवढी शांतता बरी नव्हे. तिला मेसेज करायचा. एकच, पण जोरदार.

४ जानेवारी
समोरची मानसी शाळेत इंग्रजी शिकवते. तिला विचारलं, माझ्या एका मित्राला बायकोला मेसेज करायचाय, काय लिहू दे? म्हणाली, 'आय मिस यू टेरिबली.' म्हटलं, अगं, टेरिबली म्हणजे भयंकर ना? तर म्हणे, काका, जोर यायला लावतात, आपण नाही का म्हणत, भयंकर आवडलं! मित्राला ऑल द बेस्ट सांगा म्हणाली. हसत होती. पोरगी हसरीच आहे, संशय काही आला नाही.
मराठीत जमणारच नाही. 'तुझी फार आठवण येते.' शी! नुसतं लिहून कान गरम झाले. इंग्रजीत कसं, आपण बोललो असं वाटत नाही.

७ जानेवारी
सराव. पोळीभाजीवाल्या चेतनाला म्हटलं, भाजी टेरिबली चांगली. तिने डबा परत मागितला, काय बिघडलं ते बघायला.
उद्या नक्की पाठवणार.

८ जानेवारी
रेंज नव्हती. दोन काड्या होत्या, पण दोनच.

११ जानेवारी, शनिवार
शनिवारी असलं काही करू नये.

१२ जानेवारी, सकाळी १०.१०
पाठवला! झकास! उद्यापर्यंत येतेच बघा. चादर बदलली, तिची उशी उन्हात टाकली. चहा दोघांचा झाला. दोन्ही कप मीच प्यायलो.

दुपारी २
निळ्या टिक्स आल्या, वाचला तिने. बॅग भरत असेल.

संध्याकाळी ५.४०
उत्तर आलं. 'अहो, हा मेसेज चुकून मला आलाय. कोणाला पाठवायचा होता?'
अर्धा तास फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, 'हो. चुकून.'
बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. मग अंगठा आला.